खडी फोडायला कोण गेले?

आमच्या गल्लीतला एक तरुण मध्यंतरी सात महिने दिसेनासा झाला होता. कुणी विचारले की त्याची आई "गोव्याला कामाला गेलाय" असे सांगत असे. बेळगावात हे उत्तर सहज खपते, कारण चोर्ला घाट उतरून पणजी-म्हापशाला कामाला जाणारी मुले इथे घरोघरी आहेत. गल्लीला मात्र खरे ठाऊक होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर कुणी म्हणे "खडी फोडायला गेलाय", कुणी म्हणे "सासुरवाडीत आहे", आणि एका वृद्ध गृहस्थांनी "हिंडलग्याला" (हिंडलगा म्हणजे आमच्याकडचे कारागृहाचे गाव) एवढेच म्हणून कपबशी खाली ठेवली. त्याच्या अटकेच्या बातमीवर एका दैनिकाने 'सरकारी पाहुणचार' असा मथळा दिला होता. पुढे तो निर्दोष सुटला. एका माणसाच्या एकाच मुक्कामाला एवढ्या जणांनी एवढी नावे दिली, आणि त्या गावाच्या नावाखेरीज त्यांतले एकही त्याच्या खऱ्या स्थितीला लागू पडत नव्हते, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात घोळते आहे.

तुरुंगवासासाठीच्या अशा बोलीतल्या शब्दांचा उगम शोधणे हा आपल्याकडे करमणुकीचा विषय मानला जातो. माझे म्हणणे असे की तो तेवढा हलका नाही. शब्द आत राहणाऱ्याने घडवला, की बाहेर उभे राहून पाहणाऱ्याने, हे बहुतेक वेळा त्या शब्दाच्या पोटातच लिहिलेले असते. आणि ते एकदा वाचता आले की तो कोणाच्या तोंडी शोभतो व कोणाच्या तोंडी अन्यायाचा ठरतो, हेही सांगता येते. निदान वर्तमानपत्रांनी तरी हा विवेक पाळावा, अशी माझी मागणी आहे.

सुरुवात खुद्द 'तुरुंग' या शब्दापासून करू. आज तो शुद्ध, साळसूद, लेखी मराठीतला शब्द वाटतो, पण तो पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला आहे. त्रोंको म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय ज्या जड लाकडी ओंडक्यात अडकवून ठेवत त्यालाही तेच नाव पडले, आणि तिथून ते कैदखान्यालाच चिकटले. आपल्या मराठीने हाच प्रवास स्वतंत्रपणे केलेला आहे: खोड, आणि त्यावरून पाय अडकवण्याचा 'खोडा'. आज आपण कुणाच्या कामात खोडा घालतो तेव्हा त्या लाकडाची आठवण कुणालाच राहिलेली नसते. कानडीतही 'तुरंग' आहे, म्हणजे गोव्याकडचा हा ओंडका मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत पोचला. १९५५च्या गोवा सत्याग्रहात बेळगाव हे सत्याग्रहींचे एक मोठे ठाणे होते. इथून खाली उतरलेल्या कितीजणांना पोर्तुगिजांनी आग्वादच्या किल्ल्यात डांबले. पोर्तुगिजांकडूनच आलेला शब्द तोंडात घेऊन ही माणसे पोर्तुगिजांच्याच तुरुंगात गेली, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता गल्लीतल्या शब्दांकडे वळू. 'खडी फोडणे' आणि 'चक्की पिसणे' हे दोन्ही शब्द सक्तमजुरीतून आले. १८६०च्या दंडसंहितेने कैदेचे साधी कैद आणि सक्तमजुरीची कैद असे दोन प्रकार केले आणि ब्रिटिश काळातल्या तुरुंगांतून सक्तमजुरी म्हणजे रस्त्यासाठी दगड फोडणे, दळण दळणे, काथ्या कुटणे, अंदमानात कोलू फिरवणे, अशी रूढ झाली. म्हणजे हे शब्द मुळात वर्णनाचे होते, थट्टेचे नव्हते. थट्टा नंतर आली, आणि ती कुठून आली हे पाहण्यासारखे आहे.

जाते हे घराघरातले होते आणि ते ओढणे हे बाईचे काम होते. पहाटे उठून ती दळत असे, त्याला कुणी शिक्षा म्हणत नव्हते. तेच काम गजांआड पुरुषाच्या हाती आले तेव्हा मात्र ते सक्तमजुरी ठरले, आणि त्यात श्रमाइतकीच नामुष्कीही होती. 'चक्की पिसायला गेला' म्हणताना जे हसू येते ते श्रमाला नसून पुरुषाने बायकी काम करण्याला आहे. खडीचेही तसेच. आमच्या भागात दगड फोडून पोट भरणारा वडार समाज पिढ्यान्पिढ्या आहे. खाणीवर, रस्त्याच्या कडेला, उन्हात कांबळ्याचा आडोसा करून घण घालणारी ती माणसे लहानपणापासून पाहिलेली आहेत. ज्या कामावर एका समाजाची चूल पेटते तेच काम दुसऱ्याला धमकी म्हणून ऐकवले जाते. "खडी फोडायला पाठवीन" असे म्हणणाऱ्याने आपण कुणाच्या रोजच्या भाकरीला शिवी बनवतो आहोत, याचा विचार केलेला नसतो.

'सासुरवाडी' हा शब्द याहून गुंतागुंतीचा आहे आणि मला त्यावर थोडे थांबायचे आहे. जावई सासुरवाडीला गेला की त्याला काम करावे लागत नाही, ताट वाढून मिळते, मुक्काम लांबला तरी जा म्हणायची कुणाची हिंमत नसते. म्हणून तुरुंग ही सासुरवाडी आणि कैदी हा सरकारचा जावई. 'सरकारी पाहुणचार' आणि 'बिनभाड्याची खोली' हे याच घराण्यातले शब्द. कानडीतही 'मावन मने', म्हणजे सासऱ्याचे घर, हा तुरुंगासाठी सर्रास चालणारा शब्द आहे. कानडीत 'माव' हे नाते सासऱ्यालाही लागते आणि मामालाही, आणि आमच्या सीमाभागात मराठी घरांतही मामाच्या मुलीशी लग्न होत असल्यामुळे मामा हाच पुष्कळदा सासरा असतो. पोलिसाला आपण 'मामा' म्हणतो. तेव्हा मामाने हाताला धरून सासुरवाडीला न्यावे, यात आमच्याकडे नात्याच्या हिशेबाने काहीच चुकत नाही! हे शब्द एकमेकांवरून पडले असे मी म्हणत नाही, पण इथल्या माणसाच्या कानाला ते एकत्र गोड लागतात, एवढे खरे.

पण हा शब्द बाईच्या बाजूने उच्चारून पाहा. तिच्यासाठी सासर हे आयते ताट मिळण्याचे ठिकाण कधीच नव्हते. तिच्या वाट्याला आला तो 'सासुरवास', आणि जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या पिढ्यांना सासरच्या उंबऱ्याआड कोंडल्यासारखे होणे म्हणजे काय हे पुरते कळत होते. तुरुंगाला विनोदाने सासर म्हणणाऱ्या पुरुषाला आणि सासराला कोंडवाडा म्हणणाऱ्या बाईला एकच उपमा उलट्या टोकांनी सुचली आहे. म्हणून 'सासुरवाडी' हा शब्द पुरुषाचा आहे, हे निश्चित; आणि माझ्या मते तो आधी आतल्यांचा असावा. आपण दुःखात आहोत हे न दाखवता "काय, दोन महिने सासुरवाडीला होतो" असे म्हणत बाहेर येण्यात एक ऐट आहे. ती ऐट त्याच्याकडून हिसकावून बाहेरच्याने वापरली की तिचा टोमणा होतो. 'तुरुंगाची हवा खाणे' याचेही असेच झाले. हवा खायला आंबोलीला किंवा पन्हाळ्याला जाणाऱ्याला परत कधी यायचे ते ठाऊक असते.

कालगणनेचे शब्द मात्र सगळीकडे आतलेच आहेत. इंग्रजीत कैदी 'टाइम' करतो. लंडनच्या बोलीत त्याला 'बर्ड' म्हणतात, कारण पक्षी धरण्याच्या चिकट 'बर्डलाइम'चे 'टाइम'शी यमक जुळते आणि मग यमकाचे पहिले अंग तेवढे उरते. हिंदीत सजा 'कापतात'. कानडीत 'कंबी एणिसोदु', म्हणजे गज मोजणे. दक्षिण कर्नाटकात 'मुद्दे मुरियोदु', म्हणजे नाचणीचा गोळा मोडणे, असेही म्हणतात, पण आमच्याकडे जेवण जोंधळ्याच्या भाकरीचे असल्यामुळे तो शब्द इकडे रुजला नाही. मराठीत मात्र शिक्षा कापत नाहीत, 'भोगतात', आणि दिवस 'काढतात'. भोगणे हा शब्द पूर्वसंचिताच्या हिशेबातला आहे. आजार भोगतात, दैव भोगतात, तशीच शिक्षा. ज्याला शिक्षा झालेलीच नाही त्याच्याबद्दल हे क्रियापद वापरले की आपण नकळत निकाल देऊन मोकळे होतो.

सीमाभागात या शब्दांचे आणखी एक कूळ आहे आणि ते अभिमानाचे आहे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगाला 'कृष्णजन्मस्थान' किंवा 'कृष्णमंदिर' म्हणण्याची रीत पडली. कंसाच्या बंदिशाळेत कृष्ण जन्मला, तेव्हा तुरुंग ही अपवित्र जागा कशी असेल, असा तो युक्तिवाद होता. कानडी वृत्तपत्रांनीही तो शब्द उचलला. 'तुरुंगवास' हा शब्दसुद्धा घडणीने वनवास आणि अज्ञातवास यांच्या पंगतीतला आहे, म्हणजे निर्दोष राजपुत्रांना भोगावा लागला त्या वासाच्या पंगतीतला. बेळगाव महाराष्ट्रात असावे या मागणीच्या लढ्यात १७ जानेवारी १९५६ रोजी इथे गोळीबार झाला, १९५८मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने सीमा सत्याग्रह झाला, १ जून १९८६ला कानडी सक्तीच्या विरोधात आंदोलन झाले. या प्रत्येक वेळी माणसे तुरुंगात गेली. तुकड्या करून, गळ्यात हार घालून, घोषणा देत गेली. आमच्या भागात एखाद्याच्या श्रद्धांजलीच्या मजकुरात 'सीमालढ्यात तुरुंगवास भोगला' हे वाक्य आजही मानाच्या जागी छापले जाते. चहाच्या गाड्यावरच्या त्या वृद्ध गृहस्थांनी 'हिंडलग्याला' एवढेच का म्हटले, ते मला नंतर उमगले. त्यांनी स्वतः तिथे दिवस काढलेले आहेत. त्यांच्या पिढीला हिंडलगा हे गावाचे नाव पुरे होते, त्याला चेष्टेची फोडणी लागत नव्हती.

गावाच्या नावानेच तुरुंग ओळखला जाणे हे जगभर घडलेले आहे. लंडनच्या थेम्सच्या दक्षिण काठावरच्या क्लिंक नावाच्या तुरुंगावरून इंग्रजीत कुठलाही तुरुंग 'क्लिंक' झाला, जरी तो मूळ तुरुंग १७८०च्या दंगलीत जळून गेला. न्यूयॉर्कहून हडसन नदीने वर गेले की सिंगसिंग लागते, म्हणून अमेरिकेत 'नदीने वर पाठवणे' म्हणजे तुरुंगात पाठवणे. पुण्यात 'येरवड्याला धाडले' याचे दोन अर्थ होतात, कारण तिथे कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही आहे. आमच्याकडे हे दोन अर्थ दोन गावांनी वाटून घेतले आहेत: तुरुंगासाठी हिंडलगा आणि वेडासाठी धारवाड. हिंडलग्यात तर मध्यवर्ती कारागृह आहे आणि १९८६च्या हुतात्म्यांचे स्मारकही आहे. एकाच गावाच्या नावात शरम आणि अभिमान शेजारी राहतात, आणि बोलणाऱ्याचा सूर कळल्याशिवाय त्याला त्यांतले कुठले म्हणायचे आहे हे कळत नाही.

सीमेवर शब्द कसे फिरतात याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे मेक्सिकोच्या सीमेवरच्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी स्पॅनिशमधला 'हुसगादो' हा न्यायालयाचा शब्द कानाने उचलला आणि 'हूसगाउ' असा तोडून तुरुंगाला लावला. त्यांच्या लेखी न्यायालय आणि तुरुंग यांत फरकच उरला नव्हता. एकदा आत गेले की झाले. आमच्या सीमेवरही असाच एक जोडशब्द आहे. मराठीत 'तडीपार', म्हणजे नदीच्या तडीपलीकडे घालवलेला. कानडीत 'गडीपारु', म्हणजे गडीच्या, सीमेच्या पलीकडे घालवलेला. आमच्या बोलण्यात हे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले आहेत आणि 'गडीपार' हा शब्द मराठी माणूसही बिनदिक्कत वापरतो. पण ज्या प्रदेशात माणसाची सीमा कुठे आहे हाच सत्तर वर्षांचा वाद आहे, तिथे त्याला 'सीमेपार' करण्याची नोटीस मिळणे हा विनोद भाषेनेच केलेला आहे, आपण करायची गरज नाही. जामीन, कैदी, शिक्षा, बंदीखाना हे शब्द दोन्ही भाषांत थोड्याफार फरकाने तेच आहेत. रस्त्यावरच्या पाट्यांवरून भांडणारी आपण माणसे गजांआड एकाच कोशातले शब्द बोलतो.

काही लोकांना तर आत जायचीही गरज नव्हती. १८७१च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती केल्या. १९५२मध्ये तो कायदा रद्द झाला, माणसे 'विमुक्त' झाली, पण त्या वस्त्यांना 'सेटलमेंट' हे नाव चिकटून राहिले. इंग्रजीत स्थायिक होण्याचा तो शब्द. इथे त्याचा अर्थ कोंडवाडा झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अजून चालू होते. म्हणजे दर चार कैद्यांपैकी तिघांना शिक्षा झालेलीच नव्हती. तुरुंगाच्या भाषेत यांना 'कच्चा कैदी' म्हणतात, आणि शिक्षा झालेला तो 'पक्का'. कच्च्या कैद्याला कायद्याने सक्तमजुरीला लावता येत नाही. म्हणजे आज गल्लीत ज्याच्याबद्दल 'खडी फोडायला गेला' म्हटले जाते, तो बहुधा खडी फोडत नाही, चक्की पिसत नाही, शिक्षा भोगत नाही. तो तारखेची वाट पाहत बसलेला असतो. त्याच्या वकिलाने फीसाठी तारीख घेतली किंवा साक्षीदार आला नाही की एक महिना गेला. या बसण्याला आपल्या बोलीत शब्द नाही. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे ज्या अवस्थेत आहेत तिला नाव नसावे आणि जी अवस्था थोड्यांच्या वाट्याला येते तिची डझनभर नावे असावीत, हे भाषेचे मागासलेपण आहे. शब्द ब्रिटिशांच्या काळातल्या तुरुंगावर थांबले आणि तुरुंग पुढे निघून गेला.

यावर असे म्हटले जाईल की बोलीला कायदा लावता येत नाही, आणि लोकांनी विनोदही करू नये काय? करावा. चहाच्या गाड्यावर काय बोलावे हे मी सांगायला जात नाही, आणि सांगितले तरी कोण ऐकणार. ज्याने आत दिवस काढले त्याने स्वतःच्या मुक्कामाला काहीही म्हणावे, तो त्याचा हक्क आहे. 'चारसोबीस' हा शब्द दंडसंहितेच्या कलमावरून आला. १ जुलै २०२४पासून त्या जागी नवी न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी लोक 'तीनशे अठरा' म्हणणार नाहीत हे मीही जाणतो. माझा आक्षेप छापील मथळ्याला आहे. पोलिसांनी एखाद्याला न्यायालयात हजर केले आणि न्यायालयाने कोठडी दिली, तर बातमी 'न्यायालयीन कोठडी' एवढीच आहे. तिथे 'सरकारी पाहुणचार', 'बिनभाड्याच्या खोलीत रवानगी', 'खडी फोडण्याची वेळ' असे लिहिणारा बातमीदार विनोद करत नसतो. तो निकालपत्र लिहीत असतो, आणि तेही खटल्याआधी. सीमाभागातल्या मराठी वृत्तपत्रांकडून ही अपेक्षा थोडी जास्त आहे, कारण त्यांच्याच वाचकांचे वडील आणि आजोबा हिंडलग्याला जाऊन आले आहेत आणि त्यांच्याबद्दल याच पानांनी 'तुरुंगवास' हा भारदस्त शब्द वापरला आहे. सत्याग्रहीचा तो तुरुंगवास आणि अनोळखी पोराचा मात्र पाहुणचार, ही वाटणी खटला चालण्याच्या आधी करण्याचा अधिकार संपादकाला कोणी दिला?

'कच्चा कैदी' हा शब्द बाहेर आणावा असे मला वाटते. 'कच्चा' म्हणजे अजून न पिकलेला, ज्याचे काय होईल ते ठरायचे आहे असा. विहिणीला, शेजारणीला सांगता येईल असा तो शब्द आहे. त्यात खोटे काही नाही आणि नामुष्कीही फारशी नाही. तो मिळाला असता तर त्या आईला गोवा शोधावा लागला नसता.

मुलगा परत आला तेव्हा निर्दोष सुटल्याची बातमी कुठेच आली नाही. चार दिवसांनी तो गाड्यावर चहाला आला. कुणीतरी सवयीने विचारले, "काय गा, गोव्यात पाऊस कसा हाय?" तो काही बोलला नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी बाकावर थोडे सरकून त्याला जागा दिली आणि "तारखा किती झाल्या?" असे विचारले. "एकोणीस," तो म्हणाला.